ताणावर सोडलेला बगीचा

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि माझ्या सख्ख्या भाचीने काढलेला आमच्याच घरचा हिवाळा मला ओळखू आला नाही. हे आधीच कबूल करून टाकते. पुढे मी फार शहाणपण सांगायला लागले, तर तुम्हाला मला अडवता यावं.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. दादाचा मोर्शीजवळ संत्र्याचा बगीचा आहे, आमच्या वडिलांनी लावलेला. मी लग्न होऊन अमरावतीला आले आणि अमरावतीचीच होऊन गेले. आमचे हे गेल्यावर घरातली वरची खोली रिकामी पडली होती. पोरीचं चित्रकलेचं शिक्षण संपलं आणि एक दिवस ती दोन बॅगा, चित्र टेकवायचा लाकडी स्टँड आणि रंगांच्या डब्यांनी भरलेलं पोतं घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "आत्या, मी वर राहू का?" मी म्हटलं, "राह्य ना वं, त्यात विचारतेस काय! फक्त फरशीवर रंग सांडला तर तूच घासशील." याला आता तीन वर्षं झाली. फरशी तिने एकदाही घासली नाही. ती मीच घासते, आणि दर वेळी तिला ऐकवते.

सकाळी ती दोन शाळांत तासिकेवर चित्रकला शिकवते आणि दुपारपासून वर काम करते. तिची चित्रं कशाची असतात हे मला कधी कळलं नाही. रंगांचे पट्टे असतात, कुठे खरवडलेलं असतं, कुठे नुसतं फडकं फिरवल्यासारखं. शेजारच्या काकू एकदा वर जाऊन आल्या आणि खाली येऊन मला हळूच म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे हो, पण अजून हात बसला नाही वाटतं." मी काकूंशी आठवडाभर बोलले नाही. खरं सांगायचं तर माझंही मत तेच होतं.

दादाचं मत काय, ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं. दादा मुका नाही, पण बोलायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. पाणी, लाईन म्हणजे शेताची वीज, फवारणी आणि व्यापारी, या चार गोष्टींवर तो चार वाक्यं बोलतो आणि पाचव्याला उठून जातो. पोरगी दर खेपेला नवीन चित्र मोबाईलवर त्याला दाखवायची. तो चष्मा लावून बघायचा, मोबाईल परत द्यायचा आणि म्हणायचा, "हं." बस! अरे, "काय पसारा मांडला" असं तरी म्हण, नावं ठेव, शिव्या दे, काहीतरी कर! नाही. नुसतं "हं". ती मोर्शीहून परत आली की दोन दिवस वरून खाली उतरायची नाही.

गेल्या हिवाळ्यात तिने शाळा सांभाळून दीड महिना एकाच चित्रावर काम केलं, तेही दार आतून लावून. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं, रिकामं ताट दाराशी घ्यायचं. मी घरात खाणावळच उघडली होती म्हणा ना. मग एक दिवस वरून हाक आली, "आत्या, ये." मी चहाचे दोन कप घेऊन वर गेले.

सहा फूट रुंद आणि चार फूट उंच कॅनव्हास भिंतीला टेकवला होता. वरचा अर्धा भाग पांढरट. पांढरा म्हणावा तर पांढराही नाही, त्याच्या आत कुठे मळकट पिवळं, कुठे राखाडी. त्याच्याखाली एक जाड पट्टा, धड हिरवा नाही की धड करडा नाही, ओल्या फडक्याने पुसून काढल्यासारखा. सगळ्यात खाली काळं, जाड, भेगा पडलेलं. आणि मधल्या पट्ट्याच्या बुडाशी निळसर पांढऱ्या उभ्या रेघा, बोटभर लांबीच्या, ओळीने, आत आत लहान होत गेलेल्या. झाड नाही, माणूस नाही, सूर्य नाही, पाखरू नाही.

"हिवाळा आहे," ती म्हणाली.

मी पाहिलं. मान वाकडी करून पाहिलं. आणि भूगोलाच्या बाईला जे सुचायचं तेच सुचलं. म्हटलं, "काश्मीर का गं?"

तिचा चेहरा पडला. ती म्हणाली, "आत्या, तू कुठली आहेस?" मला राग आला, आणि राग आला की माझं वऱ्हाडी सुटतं. "कुठली म्हंजे? मोर्शीची हाय! अन् हिवाळा काढाचा होता त शेकोटी काढाची, हुरडा काढाचा, चार माणसं घोंगडं पांघरून बसलेले काढाचे! पांढरं फासून ठेवलं, अन् मलेच विचारते कुठली!" मी दोन्ही कप उचलून खाली आले. तिचा तिने प्यायलाही नव्हता.

दोन दिवसांनी ती स्वतःच खाली आली. हातात एक छापील अर्ज होता. मोर्शीकडच्या एका शाळेत लिपिकाची कायम जागा निघाली होती आणि वहिनीने, म्हणजे तिच्या आईने, तो अर्ज पाठवला होता. जानेवारी संपायच्या आत भरायचा होता. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "संक्रांतीच्या आधी अकोल्याला आमचं पाच-सहा जणांचं प्रदर्शन आहे. हे चित्र तिथे लागेल. बाबांना तू घेऊन ये. त्यांना त्यात काही दिसलं तर बरं. नाही दिसलं, तर मी हा अर्ज भरते आणि वरची खोली तुला रिकामी करून देते. मग पुन्हा ब्रश हातात घेणार नाही."

"अगं वेडाबाई, दादा काय परीक्षक लागून गेला? त्याला संत्र्याच्या पलीकडे काही कळतं का?"

"म्हणूनच," ती म्हणाली. "बाकी कोणी ओळखलं नाही तर चालेल. ज्या माणसाने बोट धरून मला हे दाखवलं, त्यालाच दिसलं नाही, तर मग मी काढलं काय? उगाच रंग वाया घालवले." तिचा आवाज अगदी शांत होता आणि त्याचीच मला भीती वाटली. रडली असती तर मी एक धपाटा घालून गप्प केलं असतं. "आणि त्यांना आधी काही सांगायचं नाही. माझं चित्र कोणतं, ते कशाचं, काही म्हणजे काही नाही. घे माझी शपथ."

मी शपथ घेतली. मला जड गेलं नाही, कारण चित्र कशाचं ते मलाच ठाऊक नव्हतं. आणि काश्मीर म्हणून बसल्यावर आता विचारायची लाज वाटत होती.

दादाला बोलवायला म्हणून मी डिसेंबरच्या शेवटी मोर्शीला गेले. फोनवर विचारलं असतं तर तो "पाहू" म्हणाला असता, आणि आमच्याकडे "पाहू" म्हणजे नाही. गेल्या गेल्या विषय काढला. तो म्हणाला, "उद्या सकाळी बगीच्यात चाल, मंग सांगतो." म्हणजे आधी माती बघणार, मग पोरीचं चित्र बघायचं की नाही ते ठरवणार. धन्य आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या मागे निघाले. धुवारी पडली होती. पुस्तकात तिला धुकं म्हणतात, पण आमच्याकडे धुवारीच म्हणतात, आणि तुरीचा फुलोरा गळतो म्हणून तिला शिव्याही देतात. दादा दहा पावलं पुढे होता तरी दिसत नव्हता. त्याचा खोकला ऐकत मी चालले होते.

बगीचा ताणावर होता. ज्यांच्या घरी संत्रा नाही त्यांच्यासाठी सांगते. संत्र्याला जानेवारी सरता सरता बहार यायला हवा असेल, तर डिसेंबरात झाडांचं पाणी तोडतात. महिना, दीड महिना थेंब द्यायचा नाही. मातीला भेगा पडतात, पानं वळतात, फिकी होतात, काही गळून जातात. झाड असं दिसतं की आता गेलंच. मग संक्रांतीच्या सुमारास पाणी सोडायचं, की थोड्याच दिवसांत सगळं झाड फुलांनी भरून जातं. मधेच कोणाला दया आली आणि पाणी दिलं, तर त्या झाडाला नुसती पालवी फुटते, फूल धरत नाही. म्हणून ताणाच्या दिवसांत बगीच्यात जायला घरातल्या बायकांना आवडत नाही. मी तर लहानपणीही जायची नाही. तहानलेलं झाड समोर, विहिरीत पाणी, आणि द्यायचं नाही, हे मला बघवत नसे.

दादा थांबला तिथे मी थांबले. समोर पाहिलं.

वर पांढरं होतं. तेच पांढरं, आत मळकट पिवळं असलेलं, कारण धुवारीच्या मागे कुठेतरी ऊन चढत होतं. त्याच्याखाली पानांचा पट्टा, हिरवा नाही की करडा नाही, धुवारीने पुसून काढलेला. खाली काळी माती, भेगाच भेगा. आणि ते बुंधे! रोग चढू नये म्हणून संत्र्याच्या बुंध्याला गुडघ्याच्या वरपर्यंत निळसर पांढरा मलम फासतात. झाडं दिसतच नव्हती. फासलेले बुंधे तेवढे दिसत होते, ओळीने, आत आत लहान होत गेलेले. एक पान हालत नव्हतं. मी उभ्या जागी "अगं बाई" म्हटलं, आणि तेही ओठातल्या ओठात.

मी जन्मले ते घर या बगीच्यापासून हाकेच्या अंतरावर. साठ हिवाळे माझ्या डोळ्यांसमोरून गेले. फळ्यावर मी "हिवाळा : थंड व कोरडी हवा" असं लिहून दिलं, पोरांनी ते उतरवून घेतलं आणि परीक्षेत दोन गुण मिळवले. आणि हिवाळा असा असतो, एवढा मोठा, एवढा गप्प, सगळं झाड दम धरून उभं असलेला, हे मला सत्तावीस वर्षांच्या पोरीने एका कापडावर काढून दाखवावं लागलं. तेही मी तेव्हा पाहिलं नाही, काश्मीर म्हणून मोकळी झाले! गाभाऱ्यात शिरल्यावर तोंड आपोआप मिटतं तसं माझं तोंड मिटलं. मी गप्प राहणारी बाई नाही, हे अमरावतीत कोणालाही विचारा.

दादाने उकिडवं बसून एक ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं आणि म्हणाला, "अजून आठ-दहा दिवस." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काय झालं वं? डोयात पानी काहून?"

"धुवारी गेली डोळ्यात," मी म्हटलं.

त्याने ते मान्य केलं. चालता चालता म्हणाला, "येतो मी अकोल्याले. पन पानी सोडाच्या आंधीच्या दिवशी. मंग मले सवड नाही." पोरीच्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस नेमका तोच होता.

अमरावतीला परतले ती चप्पल न काढता वर गेले. चित्रासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "ताणावर सोडलेला बगीचा." पोरीच्या हातातला ब्रश तसाच राहिला. "कोणी सांगितलं?" "कोण सांगणार? जाऊन पाहून आले." तिने मला घट्ट मिठी मारली. हात रंगाने भरलेले, माझी चांगली साडी कामातून गेली, आणि मी त्या दिवशी एका शब्दाने बोलले नाही.

त्यानंतर चित्र अकोल्याला जाईपर्यंत मी रोज सकाळचा चहा त्याच्यासमोर घेतला. खुर्ची ओढून बसायचं आणि बघायचं. काळ्या भागात तिने खरी माती कालवली होती, मोर्शीहून पिशवीत भरून आणलेली. पांढऱ्यात किती रंग होते ते मोजायला गेले आणि सोडून दिलं. ऊन खिडकीतून वळलं की मधला पट्टा मागे जायचा, ढगाळ असलं की पुढे यायचा. एवढ्याशा पोरीच्या डोळ्यांत हे सगळं कुठे मावलं होतं, असं वाटून मी तिच्याकडेच बघत बसायची. ती म्हणायची, "आत्या, चित्राकडे बघ ना, माझ्याकडे काय बघतेस?"

पण आता माझ्यापुढे नवं संकट होतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि आता मला चित्र कशाचं ते माहीत झालं होतं. शपथ गळ्यात अडकली होती. दादाला एक शब्द, फक्त एक शब्द सांगितला असता, तर तो समोर उभा राहून "आपला बगीचा हाय" म्हणाला असता, पोरीचं आयुष्य वाचलं असतं आणि कोणाला पत्ता लागला नसता. मी दोन दिवस याचा विचार केला. पाप लागेल का, याचाही केला.

ठरल्या दिवशी दादा पहिल्या एस.टी.ने अमरावतीला आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायजमा, गळ्यात दुपट्टा. आम्ही अकोल्याच्या गाडीत बसलो. तो सगळा वेळ लाईनबद्दल बोलत होता. या हप्त्यात शेताला दिवसाची लाईन आहे, उद्या सकाळी मोटार लावायची, पाणी कुठल्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून सोडायचं. खिडकीबाहेर तुरी होत्या, हरभरा होता, बोंडं वेचून झालेल्या पऱ्हाट्या होत्या. मी शपथ न मोडता आडून आडून जायचा प्रयत्न केला. म्हटलं, "दादा, धुवारीत आपला बगीचा कसा दिसते ना?"

"दिसते कुठं? धुवारीत काहीच दिसत नाही," दादा म्हणाला.

डोकं फोडून घ्यावं अशी इच्छा झाली. मूर्तिजापूरच्या स्टँडवर मी मुद्दाम गरम भजी घेतली आणि अकोला येईपर्यंत एक एक करून खाल्ली. तोंड भरलेलं असलं की माणूस बोलत नाही. अॅसिडिटी मला संध्याकाळपर्यंत पुरली, पण शपथ मोडली नाही.

प्रदर्शन मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात होतं, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. लांबट हॉल, दोन्ही भिंतींवर चित्रं, खाली इंग्रजीत छापलेल्या इवल्या चिठ्ठ्या. दादाला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणजे कोणतं चित्र कोणाचं हे कळायचा मार्गच नव्हता. पोरगी पार टोकाच्या खिडकीशी उभी होती, हात पाठीमागे बांधून. तिने दुरूनच मान हलवली आणि जवळ आली नाही. तिचा चेहरा पाहून मला भजी आठवली.

दादाने पहिल्या चित्रापासून सुरुवात केली, जशी तो बगीच्यात पहिल्या झाडापासून करतो. गणपती होता, त्याला हात जोडले. पुढे बैलजोडी होती. चष्मा वर करून म्हणाला, "बैल चांगला हाय, पन वशिंड मांगं सरकलं." चित्रकार शेजारीच उभा होता, मी त्याच्याकडे बघून उगाच हसले. मग एक विहीर, मग घाट. मग ते.

तो उभा राहिला. एक श्वास, दोन श्वास. आणि म्हणाला, "हं."

आणि पुढे गेला!

तिकडे पोरीने हळूच तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मला दादाचा इतका राग आला, की आई-बापाने याला दोन डोळे कशाला दिले असं मनात आलं. गेली शपथ चुलीत, म्हणून मी तोंड उघडलं. "दादा..." एवढं म्हणाले आणि थांबले. तो पुढच्या चित्रासमोर उभा होता खरा, पण त्याकडे बघत नव्हता. खाली जमिनीकडे बघत होता. मग तो वळला, मागे आला, त्या मोठ्या चित्रासमोर उभा राहिला, पायजमा गुडघ्यांवर ओढला आणि भर हॉलमध्ये उकिडवा बसला.

"दादा, ऊठ, लोक पाहून राहिले," मी दबक्या आवाजात म्हटलं. त्याला ऐकूच गेलं नाही. बगीच्याचा ताण कधी कोणी उभ्याने बघत नाही. फांद्यांच्या खाली बसायचं, मग ओळीच्या ओळी शेवटापर्यंत नजरेत येतात, माती किती उलली ते कळतं. तो तसा बसला होता. एक हात गुडघ्यावर, एक डोळा बारीक. दोन बाया त्याला वळसा घालून गेल्या. "लय ताण देला याले," तो स्वतःशीच म्हणाला. "पानी पाह्यजे आता याले." मी तोंडावर हात ठेवला. पोरगी खिडकीशी तशीच पाठमोरी होती, पण तिचे खांदे एकदम ताठ झाले.

मग त्याने बोट पुढे केलं. उजव्या टोकाला, पार खाली. आणि जणू बगीच्यात हाक मारतोय अशा मोठ्या आवाजात विचारलं, "ह्या दोन झाडाईले पानी कोनं देल्लं?"

कुठली दोन झाडं? मी त्याच्या शेजारी बसले, गुडघे कुरकुरले तरी बसले. तिथे मधल्या पट्ट्याचा रंग जाड होऊन पुढे आला होता आणि त्या थराच्या खालच्या अंगाला, दोन पांढऱ्या रेघांच्या अगदी वर, नखाएवढा हिरवा होता. ओला, ताजा, जिवंत हिरवा. उभ्याने किंवा खुर्चीवरून तो दिसतच नाही, नऊ-दहा वर्षांच्या पोरीच्या उंचीवर डोळे आणले तरच दिसतो. इतके दिवस मी त्या चित्रासमोर चहा ढोसत होते, आणि मला वाटत होतं की मी सगळं पाहिलं.

पोरगी हॉल ओलांडून आली. दादाच्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, "म्या देल्लं होतं, बाबा. बादलीनं. चौथीत होती मी."

"मले मालूम हाय," दादा म्हणाला. वळून पाहिलंही नाही.

"तुमाले मालूम हाय?"

"सहा दिवस देल्लं तू. हौदातून नेलं. त्या साली या दोन झाडाईले एक फूल नाही आलं." तो अजून त्या हिरव्याकडेच बघत होता. "आबा सकाळी ताण पाहाले येनार होते. म्या त्याच्या आंधी गेलो. आळ्यात चिखल होता अन् चिखलात तुये पाय उमटले होते, लहान लहान. म्या फावड्यानं माती उलटी केली. आबाले सांगतलं, नळी फुटली."

आबा म्हणजे आमचे वडील. माणूस भला, पण ताणाच्या दिवसांत बगीच्यात कोणी पाण्याचा तांब्या घेऊन गेलं तरी काठी उचलायचे. त्यांच्याशी खोटं बोलायची माझी कधी छाती झाली नाही, आणि दादाची झाली असेल असं मी स्वप्नातही म्हटलं नसतं. त्याने हे वहिनीला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं नव्हतं, कोणाला म्हणजे कोणाला नाही.

पोरगी त्याच्या शेजारी खाली बसली. आता आम्ही तिघंही त्या हॉलच्या फरशीवर ओळीने बसलो होतो आणि लोकांची मला काडीची पर्वा उरली नव्हती. तिने विचारलं, "मंग मले कधी काहून नाही बोलले, बाबा?"

दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, झालं, याची चार वाक्यं संपली, आता हा उठून जाणार.

"बोललो असतो," तो म्हणाला, "त तू पुन्हा कोन्या झाडाले पानी देल्लं नसतं."

ती रडली. अगदी लहान पोरीसारखी, आवाज काढून, हॉलमधल्या सगळ्यांनी वळून पाहावं अशी रडली. मीही रडले, आणि या वेळी धुवारीचं नाव घेतलं नाही. दादाला रडणाऱ्या बायकांचं काय करायचं ते कधीच कळलं नाही. त्याने गळ्यातला दुपट्टा काढून तिच्या हातात दिला आणि थोडं थांबून, घसा खाकरून, तिला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "आता पुढचं काय काढून राहिली?"

तिने दुपट्ट्याने नाक पुसलं आणि त्याला सांगायला लागली. कुठली विहीर, कुठला धुरा, कुठल्या वेळचं ऊन, रंग कसा लावणार, सगळं भराभर, हातवारे करून. दादा मान हलवत होता, मधेच तिला थांबवून काहीतरी दुरुस्तही करत होता. मी आ वासून ऐकत राहिले, कारण तीन वर्षांत त्यातलं एक अक्षरही तिने मला सांगितलं नव्हतं.